बिनबोटांचे हातमोजे

दत्तारामने महाबळेश्वरच्या बाजारातून लोकरीचे हातमोजे आणले आणि बायकोच्या, आनंदीबाईच्या कात्रीने त्यांची बोटं कापून टाकली. दुसऱ्या दिवशी तो घरी आला तेव्हा त्याच्या मनगटांभोवती नुसत्या झिपऱ्या लोंबत होत्या.

"उसवले," तो म्हणाला. जणू मोज्यांनीच आगळीक केली होती.

"उसवतील नायतर काय! विणलेली वस्तू कुणी कापतं? मला विचारायला तोंड दुखत हुतं?"

दत्ताराम एस.टी.त कंडक्टर होता. बिऱ्हाड पोलादपुरात, आणि नोकरी पहाटेच्या पहिल्या गाडीवर, आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला. पौषाच्या थंडीत वर पोचेपर्यंत त्याच्या बोटांची लाकडं होत. उघड्या हातांनी तिकीट सुटत नसे, आणि पुरे मोजे घातले तर सुटे पैसे हातातून गळत. उतारू ओरडत. घरी येऊन तो बायकोवर ओरडे. म्हणून त्याला बोटं उघडी आणि पंजा झाकलेला, असे मोजे हवे होते. एवढं साधं सांगायलाही त्याला महिना लागला होता.

आनंदीबाई मागच्या आळीतल्या दवाखान्यातल्या रंगूबाई नर्सकडे गेली. रंगूबाई साताऱ्याच्या, हातात कायम विणकाम. त्यांनी सायकलच्या दोन तारा दगडावर घासून गुळगुळीत करून दिल्या आणि टाके घालायला शिकवलं.

"दोन सुलट, दोन उलट. मनगटाशी असंच विणायचं, म्हणजे ते आवळून बसतं. मग सरळ पट्टी, आणि शिवताना अंगठ्यापुरती फट सोडायची. सोपं आहे, आनंदीबाई."

सोपं! आनंदीबाई उमरठची लेक. भाताच्या आवणीला तिच्या पुढे बांध गाठील अशी बाई गावात नव्हती. पण या दोन तारांनी तिला रडकुंडीला आणलं. टाका गळे, तो कुठे गळला ते दिसत नसे, आणि चार ओळी वर गेल्यावर खाली भोक पडलेलं दिसे. पुन्हा उसव. लोकर इतक्यांदा उसवली की तिला दोरखंडाचा पीळ बसला. त्यात सासू, बयाबाई, उंबऱ्यात बसून बघत असायची.

"आमच्या बापजाद्यांनी हातात घोंगडीची खोळ धरली नि जन्म काढला," ती म्हणे. "आता हातांनाबी कपडं."

"तुमचे बापजादे तिकिटं फाडत नव्हते," आनंदीबाई म्हणे आणि टाका गाळून बसे.

मापाला हात दे म्हटलं तर दत्ताराम जेवत असायचा, नाहीतर झोपलेला. शेवटी तिने तो झोपला असतानाच पंज्याला दोरी गुंडाळून माप घेतलं. तरी पहिला मोजा पोराच्या हाताचा झाला आणि दुसऱ्यात दोन हात मावले असते. दोन्ही उसवून तिने पुन्हा विणले. अखेर एका सकाळी तपकिरी मोज्यांची बरी जोडी तयार झाली. दत्तारामने ती चढवली, बोटं उघडमीट करून पाहिली आणि म्हणाला, "बरे झालेत." त्याच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच.

संध्याकाळी तो परतला तेव्हा डाव्या हातात मोजा होता आणि उजवा हात उघडा.

"दुसरा कुठाय?"

"कुशाबाला दिला."

कुशाबा त्याच गाडीचा ड्रायव्हर. मूळचा महाडकडचा. गाडी रात्री पोलादपुरात वस्तीला राही तेव्हा तो गाडीतच झोपे आणि भाकरी यांच्या घरी खाई. गरीब माणूस, खाली मान घालून जेवणारा. पण म्हणून काय जोडीतला एक मोजा उचलून द्यायचा?

"एक मोजा कुणी देतं? दिला तर दोन द्यावेत, नायतर देऊ नये!"

"त्याच्या बाजूची काच फुटलीय. वारा लागतो. तू दुसरा वीण की."

"काच फुटलीय तर काच बसवून घ्या ना! काचेच्या जागी मी लोकर लावू?"

दत्ताराम पाय धुवायला गेला. त्याचं हे असंच असे. अर्धं बोलायचं नि उरलेलं पाण्याबरोबर सोडून द्यायचं. आनंदीबाई दोन दिवस धुमसली. तिसऱ्या दिवशी पहाटे तिने लुगड्याचा पदर खोचला, सासूला चूल सांगितली आणि गाडीत जाऊन बसली. कुशाबाकडून मोजा मागून घ्यायचा, आणि तेही त्याच्या तोंडावर, हे तिने ठरवलं होतं.

"तू कुठं?" दत्ताराम म्हणाला.

"महाबळेश्वरला. तिकीट फाडा."

ती ड्रायव्हरच्या मागच्याच बाकावर बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या गाडीने ती घाट कधी चढली नव्हती. वळणं सुरू झाली, खालची खाचरं धुक्यात बुडाली. कुशाबाच्या बाजूची काच बघायला ती पुढे झुकली. काच धड होती. नुसती चीरही नव्हती.

मग तिने त्याचा हात पाहिला. तपकिरी मोजा उजव्या पंजावर होता, आणि मोज्यातून बाहेर आलेल्या बोटांपैकी शेवटची दोन वाकतच नव्हती. कातडी गुलाबी, ताणलेली, भाजून बरी झाल्यासारखी. चाक तो डाव्या हाताने फिरवत होता. उजवा नुसता टेकवलेला. मोठ्या वळणावर त्याने गिअर टाकायला डावा हात काढला, तसं चाक उजव्या हातातून सटकलं. कुशाबाने कोपर घालून ते दाबलं. गाडी कठड्याशेजारून गेली आणि पुन्हा रस्त्याला लागली. मागे कोणाला कळलंही नाही. एक म्हातारी कोंबडीशी बोलत होती.

आनंदीबाईने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं. दत्ताराम तिकिटांच्या पेटीत बघत होता. त्याला ठाऊक होतं.

महाबळेश्वरच्या स्टँडवर उतारू पांगले आणि तिने दोघांना गाडीच्या आडोशाला धरलं.

"हे काय हाय?"

"रेडिएटरचं झाकण उघडताना वाफ आली, वैनी," कुशाबा म्हणाला. "दिवाळीच्या आधी. एरवी चालतो हात. थंडीत तेवढा आखडतो. मोजा घातल्यापास्नं बराय."

"बराय? आत्ता चाक सुटलं ते?"

"सावरलं की."

"उद्या नाय सावरलं तर?" ती नवऱ्याकडे वळली. "आणि तुमी! काच फुटलीय म्हणे! मी महिनाभर डोळे फोडून मोजा विणला, तो ह्याच्यावर पांघरूण घालायला?"

"डेपोत कळलं तर त्याला चाकावरून उतरवतील गो," दत्ताराम हलक्या आवाजात म्हणाला. "तीन पोरं हायत त्याला."

"आणि गाडीत बसतात ती कुणाचीच नायत?"

कुशाबा टायरकडे बघू लागला, दत्ताराम तिकिटांच्या पेटीकडे. त्यानेच तिचं डोकं जास्त फिरलं. पुरुषांनी पुरुषाला सांभाळायचं ते असं, तोंड शिवून! कुशाबाची तिलाही कीव आली. पण कीव येते म्हणून सगळी गाडी दरीच्या कडेने न्यायची?

"गाडी अजून उतरायची हाय," ती म्हणाली. "तुमी सांगता का मी सांगू?"

दत्तारामने टोपी काढली, पुन्हा घातली आणि कंट्रोलरच्या खिडकीकडे गेला. कुशाबाने मोजा ओढून काढला आणि तिच्या ओटीत टाकला.

"घ्या वैनी. तुमचाच हाय."

परतीला गाडी दुसऱ्या ड्रायव्हरने उतरवली. कुशाबा उतारूसारखा मधल्या बाकावर बसला होता आणि प्रत्येक वळणावर त्याचे पाय जागच्या जागी ब्रेक दाबत होते. आनंदीबाईला ते बघवेना. ती बाहेर बघत राहिली आणि स्वतःवरच चिडली, की आपण बरोबर केलं तर मग चोरट्यासारखं का वाटतंय?

डेपोने कुशाबाला डॉक्टरकडे धाडलं आणि मग महाडच्या एस.टी.च्या कारखान्यात टायरांच्या कामाला लावलं. नोकरी राहिली, चाक गेलं. दत्ताराम आठवडाभर ताट घेऊन बाहेर पडवीत जेवला. बयाबाई म्हणाली, "लोकर विणलीस नि माणूस उसवलास."

"दरीत पडून फाटण्यापरीस उसवलेला बरा," आनंदीबाई म्हणाली आणि भाकरी इतक्या जोरात थापली की परातीला पोचा यायचा बाकी राहिला.

आठव्या दिवशी दत्ताराम चुलीशी येऊन बसला. "त्या वळणावर," तो म्हणाला, "मी रोज दांडी धरून डोळे मिटून घ्यायचो." तिने त्याला चहा दिला. हे आधीच सांगितलं असतं तर?

पुढच्या थंडीत एक बाई पोलादपूरच्या स्टँडपासून पत्ता विचारत विचारत दारात आली. काखेत कागदाच्या पुडक्यात हिरवी लोकर. कुशाबाची बायको, भागूबाई.

"त्यांनीच धाडलंय," ती उभ्यानेच म्हणाली. "तुमच्यावर रागावलेत अजून. पण सकाळी लोखंडाला हात लावला की बोटं ठणकतात. म्हणले, त्या बाईलाच विणता येतं तसलं."

"रागही ठेवायचा आणि मोजेही घालायचे!" आनंदीबाईने कपाळाला हात लावला. "आणि तुमी महाडास्नं एवढ्यासाठी आलात?"

भागूबाई कसनुशी हसली. तिच्या चपलांवर लाल धूळ होती.

आनंदीबाईने पुडकं उघडलं. लोकर चांगली होती, आनंदीबाईच्या तपकिरी लोकरीपेक्षा मऊ. पण ती विणायला तिने हातात घेतली नाही. आत जाऊन तारा आणल्या आणि भागूबाईच्या हातात दिल्या.

"मी नाय विणणार. दर थंडीला माझ्याकडं याल, परत त्यांचा राग, परत माझा जीव वर-खाली. बसा इथं. मीच शिकवते."

भागूबाई बसली. दुपारपर्यंत तिने टाके घातले, गाळले, गुंता केला, तारांना शिव्या दिल्या. आनंदीबाईने तीनदा तिच्या हातातून काम हिसकावलं आणि तीनदा परत दिलं. उंबऱ्यातून बयाबाई म्हणाली, "ही तर तुझ्याहून अडाणी हाय गो." त्यावर त्या दोघीही एकदमच तिच्यावर खेकसल्या.