निळा रंग अर्धंच सांगतो

मी एक जुनी काचेची परीक्षानळी आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगते, मला कुणाची कीव नको. माझ्या काठाचा टवका उडाला आहे. ज्योतीवर धरून धरून बूड काळवंडलं आहे. पण जे पाहिलं ते मी सरळ सांगणार आहे, आणि त्यात माझी चूकही आली.

एका दूरच्या कारखान्यात भट्टीतल्या तापलेल्या काचेतून मी घडले. माझ्या बहिणी शाळांच्या प्रयोगशाळांत गेल्या. मी चंद्रपूरच्या एका औषधाच्या दुकानात आले आणि १९८१ साली देवराव मेश्राम यांच्या पिशवीत पडले. देवराव बल्लारपूरजवळच्या एका आरामशीनवर मिस्त्री होते. सागाचा ओंडका फिरत्या आरीपुढे ढकलायचा आणि त्याच्या फळ्या पाडायच्या, हे त्यांचं काम. वय बत्तीस. त्यांना नुकताच मधुमेह निघाला होता आणि रोज इन्सुलिनचं इंजेक्शन सुरू झालं होतं.

माझं काम साधं होतं. माझ्यात निळं औषध ओतायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि मला स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर लघवीत साखर नाही. हिरवा झाला तर थोडी आहे. पिवळा, नारिंगी आणि शेवटी विटकरी झाला तर साखर फार वाढली आहे.

पहिल्या वर्षी मी कितीदा तरी विटकरी झाले. देवराव मला धुऊन पुन्हा फळीवर ठेवत. पण माणूस जिद्दीचा होता. भात मोजून खाल्ला, सणाचं गोड सोडलं, इंजेक्शनची वेळ चुकवली नाही. हळूहळू मी रोज निळी राहू लागले.

"ठमा, पाह्य, आज बी निळी," ते मला उजेडात धरून बायकोला म्हणायचे. ठमाबाई मान हलवायच्या. शेजारीपाजारी मला बघायला यायचे. एखाद्या दिवशी मी किंचित हिरवी झाले, की देवराव दुसऱ्या दिवशी आपल्याच मनाने इंजेक्शन थोडं वाढवून घ्यायचे. माझ्या निळ्या रंगाचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर मलाही होता.

इथे माझी चूक सांगते. साखर जास्त झाली तर मी सांगू शकते. ती गरजेपेक्षा खाली गेली तर मी निळीची निळीच राहते. चांगला निळा आणि धोक्याचा निळा माझ्या अंगात अगदी सारखे दिसतात. देवरावांना हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला तोंड नव्हतं.

ठमाबाईंच्या मात्र लक्षात येत होतं. दुपारच्या जेवणाला उशीर झाला, की देवराव एकटक बघत बसायचे. विचारावं एक, उत्तर भलतंच. पौषातल्या थंडीत त्यांचा सदरा घामाने भिजायचा. ठमाबाई साखरेचं पाणी पाजायच्या, आणि पंधरा मिनिटांत माणूस पुन्हा पहिल्यासारखा.

"मले काय झालं होतं? काईच नाई. तू उगाच घाबरते," ते चिडून म्हणायचे.

सुरुवातीच्या वर्षांत तसं नव्हतं. तेव्हा आधी त्यांचे हात थरथरायचे, छातीत धडधडायचं, भूक लागायची, आणि ते स्वतःच गुळाचा खडा तोंडात टाकायचे. ती थरथर केव्हा नाहीशी झाली, ते दोघांनाही कळलं नाही. ठमाबाई मग वाद घालेनाशा झाल्या. असं झालं की स्वयंपाकघराच्या दाराआड कोळशाने एक रेघ ओढायच्या.

१९८६ चा मार्च महिना होता. ट्रक उभा होता, माल भरायची घाई होती. ज्या दिवशी काम लांबणार, त्या दिवशी देवराव मला आणि दिव्याला पिशवीत घालून मशीनवर न्यायचे. त्या दुपारीही शेडमागे त्यांनी मला उकळलं. मी निळी. "बेस," म्हणाले, आणि डबा न उघडताच कामावर गेले. पिशवी आरीजवळच्या खांबाला टांगली. पुढचं सगळं मी तिथून पाहिलं.

दोनच्या सुमारास ते एकटेच हसू लागले. मग मालकाला शिवी दिली. जन्मात त्यांच्या तोंडी शिवी आली नव्हती. पाय लटपटत होते, तरी ओंडका पुढे ढकलतच होते, आणि त्यासोबत त्यांचा उजवा हात आरीकडे सरकत होता. समोरून लाकूड ओढणारा लालसू ते बघत होता. त्याने आपलं टोक सोडलं, धावत येऊन देवरावांच्या कमरेला मिठी मारली आणि दोघे भुशात पडले.

मालक शेडमधून बाहेर आला. "दारू ढोसून आरीवर उभा राहतोस? काढा याला बाहेर."

देवराव ज्या वस्तीत राहत होते, तिथे बुद्धविहारात दारू न पिण्याचं शील ते दर पौर्णिमेला घेत. त्यांच्या घरात दारूचा थेंब आला नव्हता. लालसूने त्यांना फाटकाबाहेर बसवलं आणि, पूर्वी थरथर सुटली की देवराव गूळ खायचे ते आठवून, चहात पाच चमचे साखर घालून तो घोट घोट पाजला. भानावर आले तेव्हा त्यांना काहीच आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर कागद चिकटवलेला होता: 'देवराव मेश्राम, दारू पिऊन कामावर आल्यामुळे बंद.' मालकाने दुसरा कागद पुढे केला. "नशेत होतो, पुन्हा करणार नाही, असं लिहून सही कर. उद्यापासून कामावर ये."

"सही करत नाई," देवराव म्हणाले.

"पोटाचा विचार कर."

"केला. पेलोच नाई तं सही कायची करू?"

त्या रात्रीचं जेवण कुणालाच गेलं नाही. सकाळी ठमाबाईंनी मला पिशवीत घातलं, नवऱ्याला उठवलं आणि पहिल्या एसटीने चंद्रपूरला डॉक्टर कोंतमवारबाईंच्या दवाखान्यात नेलं. गर्दी होती. नंबर लागेपर्यंत बारा वाजले. डॉक्टरबाईंनी मला टेबलावर काढून ठेवलं आणि देवरावांना विचारायला सुरुवात केली.

"साखर कमी झाली की तुम्हाला आधी काय कळतं?"

"हात थरथरते. घाम येते."

"असं शेवटचं कधी झालं?"

देवरावांनी बोटांवर वर्षं मोजली. "दोन-तीन साल झाले असन."

"आणि दुसऱ्याने सांगितलं, पण तुम्हाला कळलंच नाही, असं सहा महिन्यांत किती वेळा?"

"एखाद बार. नळी तं रोज निळी राह्यते."

त्यांना बाहेर बसवून डॉक्टरबाईंनी तेच प्रश्न ठमाबाईंना विचारले.

"तेवीस बार," ठमाबाई म्हणाल्या. "कोळशानं रेघा मारून ठेवल्या जी. ते मले खोटी म्हणते, पण रेघा खोट्या नाई."

देवरावांना पुन्हा आत बोलावलं. ते डॉक्टरबाईंशी सागाच्या भावाबद्दल अगदी नीट बोलत होते. बोलता बोलता बाईंनी त्यांच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून एका कागदी पट्टीवर घेतला. नागपूरहून आणलेल्या त्या पट्ट्या तेव्हा दुर्मीळ होत्या. मिनिटभराने पट्टी पुसून त्यांनी बाटलीवरच्या रंगांशी जुळवली आणि लगेच ग्लुकोजचा पेला देवरावांच्या हाती दिला.

"आधी हे प्या. आत्ता कसं वाटून राहिलं होतं?"

"एकदम चांगलं."

"तुमची साखर पाहिजे त्याच्या निम्मीच आहे. दुसरा कुणी थरथर कापला असता."

मग त्यांनी लघवी घेऊन मला उकळलं. फिकट पडलेली पट्टी आणि निळी मी, दोघी शेजारी शेजारी ठेवल्या. मित्रांनो, तेवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

"साखर पडायला लागली की शरीर ओरडून सांगतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ती वारंवार पडत राहिली, की त्याचं ओरडणंच बंद होतं. इन्सुलिन कमी करू. नळी कधी हिरवी झाली तर होऊ द्या. काही महिने साखर पडली नाही, तर ती जाण परत येईल, कदाचित. तोवर आरीवर उभं राहायचं नाही."

देवरावांनी रिकामा पेला टेबलावर ठेवला. मग बायकोला म्हणाले, "तू सांगत होती, अन् मीच तुले खोटं पाडत होतो."

"ते घरी बोलू," ठमाबाई म्हणाल्या. "पयले मशीनवर चाल."

डॉक्टरबाईंनी लिहून दिलेली चिठ्ठी मालकाने वाचली आणि परत केली. "दारू नाही, कबूल. पण आजारी माणूस मला काय कामाचा?"

"आरीवर मी सोताच उभा राह्यत नाई," देवराव म्हणाले. "लालसूचा जीव बी तिथीच राह्यते. पण पात्याले धार लावाले मले काय झालं? बारा साल मीच लावली. अन् फाटकावरचा तो कागद काढा. जसा सगळ्याइच्या समोर लावला, तसाच दुसरा लावा, का देवराव दारू पेत नाई."

मालक हसला. देवराव फाटकाबाहेर जाऊन बसले. ठमाबाई दर दोन तासांनी भाकर घेऊन यायच्या आणि खाऊ घातल्याशिवाय जायच्या नाहीत. लालसूने देवरावांच्या जागी आरीवर उभं राहायला नकार दिला. इतरांनी धार लावून पाहिली, पण पातं लाकडात अडकू लागलं, फळ्या वाकड्या पडू लागल्या. चौथ्या दिवशी मालकाने जुना कागद फाडला आणि स्वतःच्या हाताने नवा लिहून चिकटवला. देवरावांनी तो दोनदा वाचला, मग कानस उचलली आणि पात्याचे दात घासायला बसले.

पाच महिने गेले. मी अधूनमधून हिरवी होत होते आणि कुणी मला बोल लावत नव्हतं. एका दुपारी देवराव हातातली कानस ठेवून आपल्याच बोटांकडे बघत राहिले. बोटं थरथरत होती. त्यांनी गूळ खाल्ला, थोडा वेळ बसले आणि संध्याकाळी घरात पाऊल टाकताच म्हणाले, "ठमा, आज मले आपल्या आपच समजलं." ठमाबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. पदराने डोळे पुसत त्यांनी नवऱ्याला ताट वाढलं.

आता मला कुणी उकळत नाही. पट्ट्या आल्या, त्यांचं काम माझ्यापेक्षा चांगलं. असू दे. पण मित्रांनो, एखादा माणूस भर दुपारी अडखळला, बरळला, तर त्याला दारुडा म्हणण्याआधी विचारा, याला मधुमेह आहे का, हा जेवला का. शुद्धीत असेल तर साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही न घालता दवाखान्यात न्या. आणि ज्यांना हा आजार आहे, त्यांनी माझ्यासारख्या नळीच्या रंगावर जाऊ नये. तुम्हाला कळतं की नाही, हे घरच्या माणसालाही विचारा. त्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आलं, तर त्याचंच खरं माना.