दोन ब्रांचांची पत्रिका

“पत्रिका कागदावर लिहितात. या डब्यात कशाला कोंबलीस?” गायत्रीच्या खांद्यावरून लॅपटॉपकडे वाकत आप्पा पुटपुटले.

“सोमवारपासून ऑफिसात हेच करायचंय, आप्पा. दिपालीताईच्या लग्नपत्रिकेवर हात बसवून घेते.”

बमरोलीच्या त्या खोलीत पंख्याखाली तिची आई रंजना साडीवर टिकल्या चिकटवत बसली होती. गायत्रीने पत्रिकेचा मूळ मजकूर ठेवून त्याच्या दोन ब्रांच, म्हणजे दोन वेगळ्या प्रती, काढल्या होत्या, एक आप्पांची, एक आईची. ज्याने त्याने आपल्या ब्रांचमध्ये हवं ते बदलून घ्यायचं, मग दोन्ही मर्ज करून एकच पत्रिका करायची.

आप्पांनी धुळ्याकडचं गाव घालून घेतलं होतं. आईने हळदीची वेळ बदलून घेतली होती. गायत्रीने एंटर दाबलं.

“झालं? भांडण नाही, काही नाही?” रंजना हसली. “लग्नघरात असं कधी होतं का!”

“वेगवेगळ्या ओळी होत्या ना. दोन्ही घेतल्या त्याने.”

“मग पाठव छापखान्यात,” आप्पा म्हणाले. “दुपारपर्यंत पाहिजे त्यांना.”

गायत्रीने एकदा वाचून पाहिलं आणि तिचा हात थांबला. ‘वधूचा भाऊ : चेतन’ ही ओळ नव्हती. कामरेजच्या मुलीशी कोर्टात लग्न केल्यापासून चेतन या घरात आला नव्हता, आणि त्याचं नावही.

“मी काढली ती. सकाळी तू चहा ठेवत होतीस तेव्हा,” आप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

“पण मी कुठे काढली?” रंजनाने मान वर केली. “माझ्यात तर होती.”

“होती, पण तू तिला हात लावला नाहीस, आई. एकाने काढलं आणि दुसऱ्याने काहीच केलं नाही, तर काढलेलंच धरतं ते. विचारतसुद्धा नाही.”

“म्हणजे मी गप्प बसले म्हणून?”

रंजनाच्या बोटावरच्या टिकलीचा गोंद तिथेच वाळला.

“मागे जाता येतं का गं यात?”

“येतं.”

“मग जा. आणि माझ्यात लिही, आमचा चेतन.”

गायत्रीने लिहिलं, पुन्हा एंटर दाबलं. या खेपेला मर्ज अडलं. पडद्यावर एकाखाली एक दोघं उभे होते: आप्पांची रिकामी जागा, आईचा ‘आमचा चेतन’.

“आता ते ठरवत नाही,” गायत्री हळूच म्हणाली. “आपणच ठरवायचं.”

छापखान्याचा फोन वाजला, वाजून थांबला. आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. कापडाच्या लूमवर तुटलेले धागे शोधणारं त्यांचं बोट पडद्यावरच्या त्या रिकाम्या जागेशी गेलं आणि तिथेच राहिलं.

“एवढंच लिहिलंस तर यायचा नाही तो,” ते म्हणाले. “पुढे सौ. सुवर्णा लिही. सून आहे आपली.”