सात दिवसांचं पथ्य

खालच्या मजल्यावरच्या काकांच्या एवढ्याशा बाथरूममध्ये अकरा माणसं माना वर करून उभी होती. गेली दोन वर्षं गळणारं छत आज कोरडं होतं. काकांनी स्टुलावर चढून छत चाचपलं आणि सुकी बोटं सगळ्यांना दाखवली. एकाने हात जोडले, मग दहा जणांनी जोडले. कमोडसमोर हात जोडून उभे आहोत, याचं कुणालाच काही वाटलं नाही.

वरच्या मजल्यावर, जिथून ते पाणी यायचं त्या बाथरूममध्ये, जलगुरू तांब्याची कांडी धरून डोळे मिटून बसले होते. समोर घरातल्या आई, दारात त्यांची सून. सून शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होती. जलगुरूंची ही चौथी खेप होती.

फरशी फोडायची नाही, हा आईंचा हट्ट. त्यांच्या यजमानांनी निवृत्तीनंतर ही हिरवी फरशी स्वतःच्या हाताने बसवली आणि वर्षभरात ते गेले. प्लंबरला बोलावू, नुसती दुरुस्ती करायची की सगळंच नवं, ते तो बघून सांगेल, असं सून दोन वर्षं म्हणत होती. तो विषय निघाला की आई ताटावरून उठत. हे दुखणं जलगुरूंनी पहिल्याच भेटीत हेरलं. असल्या कामात या मंडळींचा हात कुणी धरू शकत नाही.

"पाण्याला मन असतं, माई," ते म्हणाले होते. "मालकांचा जीव या फरशीत आहे. फोडाल तर त्यांना लागेल. मी पाण्याची समजूत काढतो."

त्यासाठी पथ्य एकच. आधीचे सात दिवस तिथे अंघोळ करायची नाही, थेंबही सांडायचा नाही. घरातले सगळे शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात. सातव्या दिवशी मंत्र, कांडीचे तीन ठोके, की गळती बंद. दुसऱ्याच दिवशी पुन्हा टपटप सुरू झाली की जलगुरू मान हलवत, "घरात कुणाचं तरी मन साशंक आहे." मग सगळ्यांच्या नजरा सुनेकडे वळत. नवरासुद्धा म्हणाला होता, "तू जरा विश्वास ठेवून बघ ना." ते तिला फार लागलं होतं.

आज ठोके झाले. सुनेने शांतपणे विचारलं, "महाराज, आता पक्कं बंद झालं?"

"आता पूर आला तरी थेंब पडणार नाही."

सुनेने बादली भरली आणि सासूच्या पुढ्यात ठेवली. "आई, तुम्ही ओता. तुमच्या मनात तर शंका नाही ना?"

जलगुरू घाईने म्हणाले, "आज नको, पाणी आत्ताच निजलंय." पण आई उठल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून, ओठांत काही पुटपुटत, सगळी बादली फरशीवर ओतली.

चार-पाच मिनिटं गेली. मग खालून काकांचा आवाज आला, "वहिनी, पडायला लागलं."

"सात दिवस पाणी टाकलं नाही, म्हणून गळलं नाही," सून म्हणाली. "एवढाच यांचा मंत्र."

जलगुरू कांडी पिशवीत घालून चालू लागले. त्यांना कुणी अडवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी प्लंबर आला. त्याने जाळीजवळची फरशी ठोकून पाहिली, खाली जाऊन काकांचं छत खरवडलं. गंजलेल्या सळईचा पापुद्रा त्याच्या हातात आला.

"दुरुस्तीची वेळ गेली, आजी. आता सगळंच फोडायला लागेल."

"आणि तेव्हाच बोलावलं असतं तर?" आईंनी विचारलं.

"तेव्हा नुसता जाळीजवळचा सांधा गळत होता. चार फरश्या काढून भागलं असतं. बाकीच्या राहिल्या असत्या."

आई खाली बसल्या आणि हिरव्या फरशीवरून हात फिरवत राहिल्या. जिंकल्याचा आनंद सुनेला झाला नाही. तिला फक्त राग आला, त्या कांडीवाल्याचा आणि छताकडे बघून हात जोडणाऱ्या अकरा जणांचा. त्यांतल्या एकालाही साधा प्रश्न सुचला नव्हता: पाणी ओतलं नाही, तर गळेल कसं?

हा प्रश्न विचारायला प्रयोगशाळा लागत नाही, शिक्षण लागत नाही. चमत्कार दाखवणाऱ्याने कोणतं पथ्य सांगितलं ते आधी बघा, आणि ते एकदा मोडून बघा. वेळेवर बघा. उशिरा आलेली अक्कल फरशी वाचवत नाही.