कोकराच्या कानातला बिल्ला

मी अकरा वर्षांची असताना गौतमीताईंनी माझा व्हिडिओ काढला. अनवाणी पाय, खांद्यावर कोकरू, हातात भूगोलाचं पुस्तक, मागे कोळवणचा माळ. व्हिडिओ अर्ध्या मिनिटात संपला. माझ्या मानगुटीवर जो बसला तो अजून उतरलेला नाही.

गौतमीताई वाईट नाहीत, हेच तर दुखणं आहे. मेंढपाळांच्या मुलींसाठी त्यांनी वसतिगृह काढलं, त्यातच मी शिकले. ते चालतं देणग्यांवर, आणि देणग्या येतात संस्थेच्या इन्स्टाग्रामवर माझा चेहरा दिसला की. ताईंनी दुसऱ्या मुलींचे व्हिडिओ टाकून पाहिले. लोक खाली विचारू लागले, "ती कोकरूवाली कुठे गेली?" म्हणून दर दिवाळीआधी मी माळावर उभी राहते आणि ताई लाइव्ह करतात.

आता मी पुण्यात नर्सिंग शिकते. मध्यंतरी वॉर्डातल्या एका पेशंटने मला ओळखलं. मी त्याचा ताप बघत होते, तर म्हणाला, "मग मेंढ्या कोण बघतं गं आता?" कुणीच बघत नाही. चराईच्या रानाला तारेची कुंपणं पडली, आबांनी कळप विकला आणि त्याच कुंपणाच्या आत एका फार्महाऊसवर राखणीला लागले. मला त्या व्हिडिओतून सुटायचं होतं, बाकी काही नाही.

यंदा मी फोनवर सरळ नाही म्हटलं. ताई चिडल्या नाहीत.

"तुझी मर्जी. फक्त धाकट्या मुलींना काय सांगू, तेवढं सांग."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी शनिवारी एसटीत बसले.

कोकरू आबांनी फार्महाऊसवरून मागून आणलं. तिथे पाहुण्यांच्या पोरांना खेळायला चार मेंढ्या ठेवल्यात. माझ्या हाती देताना आबांनी सवयीने त्याचा डावा कान चाचपला. आमच्या जित्राबाला त्या कानावर खाच असायची. याला पिवळा प्लास्टिकचा बिल्ला होता, फार्महाऊसचं नाव छापलेला.

"बिल्ला हाताखाली झाक," ताई म्हणाल्या. "चप्पल काढ. आणि कॉलेजातलं बोलू नकोस हं, आपलं गावचं बोल."

चप्पल काढली. लहानपणी खडे टोचायचे नाहीत, आता टोचत होते. ताईंनी मोबाइल धरला आणि गोड आवाजात विचारलं, "सोनाली, आज सकाळी मेंढ्या कुठे नेल्या होत्यास?"

माझं डोकं फिरलं. मी बिल्ल्यावरचा हात काढला आणि कोकराचा कान मोबाइलसमोर धरला.

"ह्ये कोकरू आमचं न्हाई. बिल्ला वाचा. आमची मेंढरं कवाच इकली. माजा बाप दुसऱ्याच्या कुंपनात राखन करतो. मी नर्सिंग शिकतीया, ती बी तुमच्याच पैशानं, त्याचं उपकार हायेत. पर मला परत हितं उभं करू नका."

रागात गावचीच भाषा आली. ताईंना हवी होती तशी.

त्यांनी लाइव्ह बंद केलं. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, वसतिगृह बुडवलं मी. पण वाटलं बरंही, फार बरं. एसटीत बसून पुण्याला येईपर्यंत मी मोकळी झाले होते.

चार दिवसांनी ताईंचा फोन आला. आवाज आनंदाने फुटत होता.

"सोनाली, लोक रडतायत गं. इतक्या देणग्या कधीच आल्या नव्हत्या. सगळे म्हणतात, अशी खरी संस्था पाहिली नाही. मी त्याचा छोटा रील केलाय, मागे बासरी लावलीय. नाव दिलंय, 'मला परत इथं उभं करू नका'."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पुढच्या वर्षी इथूनच सुरुवात करू," त्या म्हणाल्या. "बिल्ला दाखवूनच."

मी आबांना फोन लावला. निदान त्यांना तरी कळेल, असं वाटलं. त्यांनी रील पाहिला होता, मालकांनीच दाखवला होता. खुशीत होते.

"पुढल्या साली दुसरं कोकरू बघाया लागंल," आबा म्हणाले. "ह्ये तवर थोराड हुईल."

"आन् मी, आबा?"

"तू हायेस की."