सव्वा मूठ

पितांबरनाना गल्लीच्या तोंडाशी दिसले आणि चुडामणने परसाच्या भिंतीवरून पलीकडे उडी मारली. एक चप्पल अलीकडेच राहिली. ती घ्यायला मागे फिरायची त्याची छाती झाली नाही.

"कोठे पयी ऱ्हायना रे? तो काय तुले खावाले उना का?" मागच्या दारातून बेबाबाई ओरडली.

म्हाताऱ्या आईला आता कुठे समजावत बसणार? चुडामणच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत रजेच्या आदेशाची घडी होती आणि त्यातली चौथी अट त्याला तोंडपाठ होती. 'फिर्यादीच्या घरी अथवा शेतात जाणार नाही, त्यास कोणत्याही प्रकारे उपद्रव देणार नाही.' फिर्यादी म्हणजे पितांबरनाना, सख्ख्या चुलत्याचा थोरला मुलगा. अट मोडली की रजा रद्द, नाशिकच्या कारागृहात परत रवानगी, शिक्षेतली सूट गेली आणि पुढच्या वर्षीच्या रजेचं नावही काढायला नको. एकवीस दिवसांची संचित रजा, त्यातले दहाच दिवस सरले होते. रोज सकाळी दहाला तो चौकीत हजेरीची सही ठोकून येत होता, नानांच्या गल्लीला वळसा घालून. एवढं सांभाळलं, आणि आता फिर्यादीच दारात.

पळता पळता त्याला वाटलं, नानांच्या मागे बायका होत्या. कुणाच्या तरी डोक्यावर चौरंग होता. पण तेव्हा नीट बघायला सवड कोणाला होती?

बसस्टँडजवळच्या चौकीत हवालदार प्रेमराज एकटेच चहा पीत बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि चुडामणच्या पायांकडे बघितलं.

"सकाळी सही केलीस की. आणि दुसरी चप्पल कुठाय?"

"साहेब, फिर्यादी घरी आलाय." चुडामणला धाप लागली होती. "मी नाही गेलो. ते आलेत. माझी काही चूक नाही, लिहून घ्या."

"भांडायला आलाय?"

"माहीत नाही. मी थांबलोच नाही. चौरंग आहे बरोबर."

"चौरंग घेऊन कोणी भांडायला येतं का?" प्रेमराज हसले. "आण तो कागद."

कागद त्यांनी उलगडला, चष्मा लावला आणि चौथी अट मोठ्याने वाचली. मग पुन्हा एकदा वाचली. चुडामणचा जीव टांगणीला लागला होता.

"हे बघ. यात तू कुठे जायचं नाही ते लिहिलंय. त्याने कुठे यायचं नाही ते लिहिलेलं नाही. तुझ्या घरी तो आला, बसला, चहा प्यायला, तर ही अट मोडत नाही. तू फक्त वेडंवाकडं बोलू नकोस."

"नक्की ना साहेब?"

"अरे, काल संध्याकाळी तोही हेच विचारून गेला. त्यालाही दोनदा वाचून दाखवलं." प्रेमराजांनी कागदाची घडी घातली. "तुझ्या रजेच्या चौकशीत त्याचा जबाब मीच घेतला होता. हरकत आहे का, विचारलं. म्हणाला, सोडायचा तर कानबाईच्या आधी सोडा, नंतर सोडून काय उपयोग?"

एवढा आनंद झाला की चुडामणला नीट आभारही मानता आले नाहीत. कागद खिशात कोंबून तो निघाला तो पळतच.

उद्या श्रावणातला कानबाई देवीचा रविवार. भाऊबंदांची कानबाई पिढ्यान् पिढ्या थोरल्या घरी, म्हणजे नानांकडे बसायची. आदल्या दिवशी दळणासाठी रोटाचे, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजायचे, घरटी नव्हे तर दर पुरुषामागे सव्वा मूठ. ज्याने त्याने आपल्या हाताने घालायची, तीही उजव्या. दाणा भुईला लागता कामा नये आणि तो रोट भाऊबंदांखेरीज कोणी खायचा नाही. गेली चार वर्षं चुडामणची मूठ बेबाबाई घालत होती. सत्तरीतल्या बाईची मूठ ती केवढीशी, पण नाव घेऊन घालायची. यंदा पोरगा गावात असूनही तिलाच जावं लागणार, म्हणून ती आठवडाभर त्याच्याशी धड बोलली नव्हती. चुडामणलाही तेच खात होतं. गावात राहून आपली मूठ आपल्या हाताने पडू नये, याहून तुरुंग बरा, असं त्याला दोनदा वाटून गेलं होतं.

आणि हे सगळं कशापायी, तर बांधापायी. हातभर बांध. त्या दुपारी त्याच्या हातात विळा होता, हे एरवीसारखंच होतं. फक्त राग एरवीसारखा नव्हता. नानांनी तोंडापुढे उजवा हात धरला होता.

तो घरी पोचला तेव्हा ओसरी गजबजली होती. चौरंग भिंतीशी मांडलेला. गव्हाची पाटी एकीकडे, सूप दुसरीकडे. बायका पोतेरं फिरवून झालेल्या भुईवर बसल्या होत्या आणि त्याची हरवलेली चप्पल कोणीतरी उंबऱ्याजवळ नीट ठेवली होती.

नाना खांबाला टेकून बसले होते. केस पांढरे झाले होते त्यांचे. चार वर्षांत चुडामणने त्यांना पहिल्यांदा जवळून बघितलं.

"पुसी उना का?" नानांनी विचारलं.

"हो नाना."

"काय सांगं त्यानी?"

"चालस म्हने."

"माले बी तेच सांगं." नाना उठले. "यंदा कानबाई आठेच, तुमना घर बसी. काकू, तुले चाली ना?"

बेबाबाईने पदर तोंडाशी धरला आणि मान इतक्यांदा हलवली की बायका हसायला लागल्या.

मोजणी सुरू झाली. पहिली मूठ थोरल्याची. नाना पाटीशी बसले, उजवा हात गव्हात खुपसला आणि वर काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तसंच ताठ राहिलं, वळलंच नाही. त्या फटीतून गहू गळायला लागले. पाटीपासून सुपापर्यंत हातभर अंतर होतं, त्या बांधाएवढंच.

नानांची बायको कुंदाबाई सवयीने पदर पसरून पुढे सरकली. दर वर्षी तीच झेलत असणार, हे चुडामणला तिच्या सरकण्यावरूनच कळलं. हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं. बेबाबाईनेही नाही.

तो कधी खाली बसला ते त्यालाच कळलं नाही. कुंदाबाईच्या पदराआधी त्याची ओंजळ नानांच्या हाताखाली गेली. नानांचा हात क्षणभर जागीच थांबला, मग सावकाश सुपाकडे निघाला आणि चुडामणची ओंजळ त्याच्याखालून सरकत गेली. एकही दाणा भुईला लागला नाही.

नानांनी मूठ सुपात सोडली. चुडामण ओंजळ तशीच धरून बसला होता. तिच्यात पावमूठभर गहू जमले होते.

"टाक ते बी," नाना म्हणाले. "मन्ही सव्वा व्हई जाई."

चुडामणने ओंजळ सुपात रिकामी केली. नाना गुडघ्यावर हात टेकून बाजूला सरकले आणि पाटीपुढची जागा त्यांनी मोकळी केली.

"आते तुन्ही टाक. चक्कीवर दयनले उशीर व्हई ऱ्हायना."