भिंतीपलीकडची मालिका

काकूंनी आरामखुर्ची ओढत आणली, थेट टीव्हीसमोर लावली आणि तीत पाय पसरून बसल्या. खुर्ची मास्तरांची. मास्तर दारातच थबकले.

"अगं, ही माझी..."

"आज मी बसणार आहे. सुरू होतेय."

ती जुनी कृष्णधवल मालिका पुन्हा दाखवत होते. कड्यावरची हवेली, गडगंज घराणं आणि घराण्याच्या मानगुटीवर बसलेलं भूत. काकू नव्यानं लग्न होऊन आल्या तेव्हा सगळी आळी या मालिकेसाठी डोळे लावून बसायची. काकूंच्या वाट्याला आले नुसते कान. सासूबाई आणि मास्तर बाहेरच्या खोलीत बघायचे, आणि नेमकी त्याच वेळी स्वयंपाकघरात सुनेसाठी कामं उगवायची.

भांडी घासता घासता काकूंनी सगळं घराणं आवाजावरून ओळखलं होतं. खोकणारे आजोबा, भांडकुदळ आत्या आणि एक हळवा बायकी आवाज. तो आवाज आला की अंगावर काटा यायचा. कारण त्या बाईच्या बोलण्याला कधीच कुणी उत्तर देत नसे. तेव्हा भूत हेच, असा काकूंचा सरळ हिशोब. एकदा त्यांनी विचारलंही होतं. "तुला काय करायचंय?" एवढंच सासूबाई म्हणाल्या.

पडद्यावर दार आपटलं, हवेलीची भिंत थरथरली.

"पुठ्ठ्याची आहे," मास्तर हसले.

काकू हसल्या नाहीत. तो आवाज आला होता. कोवळ्या चेहऱ्याची एक बाई जड भांडं उचलून टेबलाभोवती वाढत फिरत होती. "सूप गार होईल," ती म्हणाली. कुणी मान वर केली नाही. आजोबा नुसते खोकले, तर सगळे एका सुरात म्हणाले, "बोला, आजोबा."

"भूत कशाला वाढतंय?" काकूंनी विचारलं.

"भूत? अगं, ती त्यांची सून. भूत ते आजोबा. पहिल्याच भागात गेलेले. सगळ्यांना माहीत होतं."

"मला नव्हतं. मला कुणी सांगितलं नाही."

काकूंना संताप आला. इतकी वर्षं एका जित्याजागत्या बाईला त्या घाबरत आल्या होत्या, आणि पलीकडच्या खोलीत ते सांगायला एकाचीही जीभ उचलली नव्हती.

मास्तरांनी घड्याळाकडे पाहिलं. "चहाची वेळ झाली," ते रोजच्यासारखं हवेत बोलले. काकू हलल्या नाहीत, तसे नरमाईनं म्हणाले, "तू टाक पटकन. पुढचं मी सांगतो तुला, मी सगळं पाहिलंय."

"एक अक्षर सांगायचं नाही. चहा तुम्ही टाका. मलाही घोटभर."

मास्तर स्वयंपाकघरात गेले. मग आत डब्यांची झाकणं वाजू लागली.

"साखर कुठंय?"

"वरच्या फळीवर," काकूंनी पडद्यावरून नजर न काढता सांगितलं.

सून टेबलाच्या टोकाशी पोचली होती. आजोबांसमोर क्षणभर थांबली आणि तिनं ते भांडं दाणकन टेबलावर आदळलं. पहिल्यांदाच सगळ्या माना वर झाल्या. कुणीतरी किंचाळलं.

"अगं, काय पडलं?" आतून मास्तरांचा आवाज आला. "हे मला आठवत नाही. कोण ओरडलं?"

काकू खुर्चीत पुढे सरकल्या.

"दूध उतू जाईल," त्या म्हणाल्या. "तिकडे बघा."