राजेळीचे टेकू

नवरा कुणाचं ऐकत नाही, हे मला लग्नाच्या महिन्याभरातच कळलं होतं. पण वाऱ्यानेही आपल्याला विचारूनच वाहावं असं ह्यांना वाटतं, हे त्या दिवशी कळलं.

समुद्रात चक्रीवादळ आलं होतं, किनाऱ्यापासून लांबून उत्तरेकडे निघालेलं. निर्मळच्या आमच्या वाडीत राजेळी केळीचे अकरा घड भरत आले होते. ती केळी पिकली की सोलून, उन्हात वाळवून मी सुकेळी करते. गेल्या वर्षी सगळे घड पडले, तेव्हाच हे म्हणाले होते, "पुढच्या वर्षीही पडले तर राजेळी काढून टाकायची." म्हणजे माझी सुकेळी कायमची संपली. माझा जीव नुसता टांगणीला!

ह्यांनी केळींना टेकू लावले, सगळे पूर्वेच्या अंगाने. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो आणि केळ पूर्वेला कलते, म्हणून. ह्यांचे वडील असेच लावायचे, आजोबाही असेच.

सून दिशा शाळेत भूगोल शिकवते. ती म्हणाली, "बाबा, टेकू पश्चिमेला हवेत. पृथ्वी फिरते ना, म्हणून आपल्या उत्तर गोलार्धात वाहता वारा उजवीकडे वळतो. तो वादळात सरळ शिरत नाही, त्याच्याभोवती घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ आपल्या दक्षिणेला आहे तोवर वारा पूर्वेकडून येणार."

"पृथ्वी फिरते तर फिरू दे. माझी वाडी आहे तिथेच आहे!"

काय बोलायचं अशा माणसाशी?

सकाळी आठला वारा सुटला. पूर्वेकडूनच! दोन केळी घडासकट आडव्या. मग आमची तिघांची धावाधाव. एकेक टेकू उपसून पश्चिमेला लावला. ह्यांचा चेहरा असा, की चूक वाऱ्याचीच.

दुपारी जरा शांत झालं. दिशा म्हणाली, "बाबा, वादळ पुढे सरकतंय. आता वारा दक्षिणेकडून येईल, मग समुद्रावरून."

"पुरे गं! सकाळी पूर्व, आता समुद्र. एक काय ते ठरव!" म्हणत हे जेवायला बसले.

भात कालवून होतोय तोच वाऱ्याची झोड आली, आणि आणखी चार केळी गेल्या. मी ओरडले, "अहो, उठा आता तरी!"

हे उष्ट्या हाताने धावले. पावसात टेकू धरून उभे राहिले आणि ओरडले, "दिशा, अगं, आता कुठून?"

चाळीस वर्षांत ह्या माणसाने स्वतःच्या वाडीत कुणाला काही विचारलेलं मी पाहिलं नव्हतं. मला रडूच आलं. आणि रागही आला. सहा केळी पडायच्या आधी विचारलं असतं तर काय जात होतं?

"नैर्ऋत्येकडून, बाबा! टेकू ईशान्येला!"

पाच घड वाचले. संध्याकाळी हे पायरीवर बसून पुटपुटले, "पाच घडांची कुठे सुकेळी करतात?"

"मी करते," मी म्हटलं. "आणि राजेळीला कोयता लावायचा असेल तर आधी मला विचारायचं."

हे उठले, फावडं घेतलं आणि पडलेल्या राजेळीच्या कोंबांना माती लावायला गेले.